पदकांचा वाद आणि साक्षीचा विसर

ऑगस्ट २००४ मध्ये ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या प्रेक्षकांना टीव्हीवर एक मिनिटाची जाहिरात दिसू लागली. साठीच्या आसपासचे माजी नौसैनिक एकेक करून पडद्यावर येत आणि सांगत की, डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी व्हिएतनाममधल्या आपल्या पराक्रमाबद्दल खोटे बोलत आहेत. जाहिरात देणाऱ्या गटाचे नाव ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ’. दोन आठवड्यांनी याच गटाची दुसरी जाहिरात आली. तिचा विषय पदके हा नव्हता. सत्तावीस वर्षांच्या केरींनी १९७१ मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीतले तुकडे तिच्यात होते आणि ती साक्ष आपल्या जिव्हारी कशी लागली हे सांगणारे माजी युद्धकैदी होते.

त्या निवडणुकीबद्दल पुढे जे लिहिले गेले त्यात या दोन्ही जाहिरातींचा विचार बहुधा एकत्रच होतो. केरींचे समर्थक दोन्हींना बदनामी म्हणतात, विरोधक दोन्हींना सत्यकथन. मला त्यांची फारकत करणे अगत्याचे वाटते. पहिली जाहिरात खोटी होती. दुसरीच्या मुळाशी खरे दुखणे होते. पहिलीला केरींनी उत्तर दिले, तेही उशिरा. दुसरीला त्यांनी मनापासून उत्तर कधी दिलेच नाही. वास्तविक लोकांपुढे यायला हवा होता तो दुसरा प्रश्न: ज्या माणसाने युद्ध लढून मग त्या युद्धाविरुद्ध जाहीर साक्ष दिली, त्याच्याकडे त्याच्याबरोबर लढलेल्यांनी आणि मतदारांनी कसे पाहावे?

आधी पहिल्या आरोपाचा निकाल लावू. स्विफ्ट बोट म्हणजे पन्नास फूट लांबीची ॲल्युमिनियमची गस्ती नौका. मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींवर कामगारांची ने-आण करणाऱ्या नौकांवरून तिचा आराखडा घेतलेला होता. मुळात ती किनाऱ्यावर गस्त घालण्यासाठी. १९६८ च्या अखेरीस ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांच्या आदेशाने या नौका मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या नद्यांत आणि कालव्यांत शिरल्या. दोन्ही काठांवर गर्द झाडी, तिच्यात दबा धरून बसलेले बंदूकधारी, पाण्याखाली सुरुंग, आणि अंगावर पातळ पत्रा. २८ फेब्रुवारी १९६९ रोजी अशाच एका चकमकीत केरींनी निसटून जाण्याऐवजी नौका थेट काठाकडे वळवली, ती किनाऱ्याला भिडवली, खाली उडी मारली आणि रॉकेट लाँचर घेऊन पळणाऱ्या एका माणसाचा पाठलाग करून त्याला ठार केले. त्याबद्दल सिल्व्हर स्टार मिळाला. दोन आठवड्यांनी, १३ मार्चला, सुरुंगाच्या स्फोटांच्या धामधुमीत जिम रॅसमन हा स्पेशल फोर्सेसचा अधिकारी नौकेवरून पाण्यात फेकला गेला. गोळ्या चुकवण्यासाठी तो पुन्हापुन्हा तळाशी बुडी मारत होता. केरींची नौका माघारी आली आणि जखमी हाताने त्यांनी त्याला वर ओढून घेतले. त्याबद्दल ब्राँझ स्टार. पस्तीस वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये, हाच रॅसमन आयोवात केरींच्या प्रचारसभेला आपणहून आला. तो रिपब्लिकन पक्षाचा नोंदणीकृत मतदार होता.

केरींच्या हाताखाली प्रत्यक्ष नौकेवर काम केलेल्यांपैकी एक सोडून बाकी सारे त्यांच्या बाजूने उभे राहिले. फेब्रुवारीतल्या त्या चकमकीत दुसऱ्या नौकेचे नेतृत्व करणारे विल्यम रूड पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये संपादक झाले होते. पस्तीस वर्षे त्यांनी त्या दिवसाबद्दल जाहीरपणे चकार शब्द काढला नव्हता. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी आपल्याच वृत्तपत्रात लिहिले की आरोप चुकीचे आहेत. १३ मार्चला शत्रूकडून गोळीबार झालाच नाही, असे सांगणाऱ्या एका टीकाकाराला त्याच दिवसासाठी ब्राँझ स्टार मिळालेला होता आणि त्याच्या प्रशस्तिपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख होता. तिन्ही पर्पल हार्ट जिवावर बेतलेल्या जखमांबद्दल नव्हते, हे खरे. पण तीन जखमांनंतर बदली मागण्याची मुभा नियमानेच दिलेली होती. गटाला सुरुवातीचा पैसा टेक्सासमधले बांधकाम व्यावसायिक आणि रिपब्लिकनांचे बडे देणगीदार बॉब पेरी यांच्याकडून आला. डिसेंबर २००६ मध्ये निवडणूक आयोगाशी झालेल्या समझोत्यात गटाने २,९९,५०० डॉलर दंड भरला. निकाल मात्र दोन वर्षांपूर्वीच लागून गेला होता.

इथे थांबले तर गोष्ट सोपी होते: पैसेवाल्यांनी भाड्याची माणसे उभी केली आणि एका वीराची बदनामी केली. पण दोनशेहून अधिक माजी नौसैनिकांनी गटाच्या केरींविरुद्धच्या पत्रावर सह्या केल्या होत्या. ती सारी माणसे विकली गेली होती, असे मी मानत नाही. त्यांतल्या बहुतेकांनी १३ मार्चचा बे हाप नदीवरचा तो दिवस पाहिलाही नव्हता. त्यांचा राग १९६९ च्या चकमकींवर नव्हताच. त्यांच्या मनातली तारीख २२ एप्रिल १९७१ ही होती. पदकांवरचा हल्ला हे हाती आलेले हत्यार होते.

त्या एप्रिलची हवा समजून घेतली पाहिजे. तीन आठवड्यांपूर्वी लेफ्टनंट विल्यम कॅली यांना मी लाय हत्याकांडाबद्दल दोषी ठरवण्यात आले होते. १६ मार्च १९६८ च्या सकाळी अमेरिकी पायदळाच्या एका कंपनीने त्या वस्तीतल्या शेकडो निःशस्त्र माणसांना, त्यांत बहुसंख्य बाया, मुले आणि म्हातारे, मारून टाकले होते. लष्कराने ही गोष्ट दीड वर्षाहून अधिक काळ दडवली. शिक्षा झाली ती एकट्या कॅलीला, आणि देशातल्या मोठ्या वर्गाला ती शिक्षाच अन्याय वाटली. काहींना वाटले, सैनिकाला शिक्षा कसली? काहींना वाटले, वरच्यांना सोडून एका लेफ्टनंटलाच का धरले? राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कॅलीला तुरुंगातून काढून त्याच्या निवासस्थानी स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश दिला.

त्याच्या आधी, जानेवारीच्या अखेरीस, ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ या संघटनेने डेट्रॉइटच्या एका मोटेलमध्ये तीन दिवस सुनावणी भरवली होती. शंभरहून अधिक माजी सैनिकांनी आपण काय पाहिले आणि काय केले ते सांगितले. वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही. म्हणून एप्रिलमध्ये ही मंडळी वॉशिंग्टनला आली आणि संसद भवनासमोरच्या मैदानात मुक्काम ठोकून बसली. मळके लष्करी कपडे, वाढलेले केस, काही जण कुबड्यांवर, काही चाकांच्या खुर्चीत. २२ तारखेला सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे केरी बोलायला बसले तेव्हा त्यांच्या हिरव्या लष्करी शर्टावर रिबिनी होत्या. दुसऱ्या दिवशी शेकडो माजी सैनिकांनी संसद भवनापुढच्या कुंपणापलीकडे आपली पदके भिरकावली. कुणी मेलेल्या सोबत्याचे नाव घेत होता, कुणाला रडू आवरत नव्हते. केरींनी आपल्या रिबिनी टाकल्या आणि तिथे येऊ न शकलेल्या दोघांची पदके टाकली. आपली स्वतःची पदके घरी ठेवून त्यांनी दुसऱ्यांची फेकली, यावरून पुढे त्यांना बराच त्रास झाला. केरींची सांगण्याची पद्धतही त्या बाबतीत सरळ नव्हती.

साक्षीत त्यांनी काय सांगितले? डेट्रॉइटमध्ये सैनिकांनी कथन केलेल्या कृत्यांची यादी सांगितली: बलात्कार, कापलेले कान, उडवलेली मुंडकी, जाळलेली गावे. ही माझ्या डोळ्यांदेखतची यादी आहे असे ते म्हणाले नव्हते. या माणसांनी आम्हाला हे सांगितले, असे ते म्हणाले. दुसऱ्या जाहिरातीत नेमका हाच आधीचा भाग कापला होता. पण त्या साक्षीत आणखीही एक विधान होते आणि ते केरींचे स्वतःचे होते: अशी कृत्ये तुरळक नाहीत, ती रोज घडत आहेत आणि सगळ्या थरांतल्या अधिकाऱ्यांना ती ठाऊक आहेत. नंतर ते बोलले जखमींच्या सरकारी रुग्णालयांतल्या हालांबद्दल, काम न मिळणाऱ्या परतलेल्या पोरांबद्दल, आणि मॅकनमारा, रोस्टो, बंडी यांच्यासारख्या माणसांबद्दल, ज्यांनी पोरांना रणात धाडले आणि स्वतः मात्र दुसऱ्या पदांवर निघून गेले. चूक होती हे ठाऊक असताना त्या चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस कुणाला करणार, हा त्यांचा प्रश्न तिथलाच.

माजी सैनिकांच्या तक्रारीचे सर्वांत बळकट रूप आता मांडतो. ते मांडल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही असे मला वाटते. व्हिएतनाममध्ये सत्तावीस लाखांच्या आसपास अमेरिकी गेले. त्यांतले बहुसंख्य कोठारे सांभाळत होते, रस्ते बांधत होते, जखमींना उचलत होते, किंवा चिखलात रोज मरणाची वाट पाहत गस्त घालत होते. त्यांनी कुणाचे कान कापले नव्हते. पंचवीस वर्षांचा एखादा तरुण तेरा महिने भोगून आयोवातल्या आपल्या गावी परत येतो आणि शेजारी त्याच्याकडे संशयाने पाहतात, हॉटेलात कुणी त्याला विचारते की किती पोरे मारलीस, तेव्हा त्याला केरींचे ते वाक्य आठवते. ते वाक्य बोलणारा परका नव्हता, त्याच्यासारखाच गणवेष घातलेला अधिकारी होता, येल विद्यापीठातून आलेला, नीट बोलणारा, आणि पुढच्याच वर्षी संसदेच्या निवडणुकीला उभा राहणारा. त्या माणसाने आपल्या सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुठून आणला, हा प्रश्न त्या तरुणाच्या मनात येणे साहजिकच होते.

युद्धकैद्यांची तक्रार याहून तीव्र आहे. हनोईच्या कैदखान्यांत त्या क्षणीही अमेरिकी वैमानिक होते. आपण युद्धगुन्हेगार आहोत अशा कबुलीवर सही मिळवण्यासाठी त्यांतल्या अनेकांचे हात मागे बांधून, दोरीने खांदे उखडेपर्यंत छळ झाला होता. जे कबूल करायला आपण नकार दिला, किंवा असह्य होऊन कबूल केल्यावर ज्याची लाज वर्षानुवर्षे वाहिली, ते वॉशिंग्टनमध्ये बसून एक मोकळा माणूस फुकट बोलतो, असे त्यांना वाटले. त्यांचा हा संताप कुणी हलका लेखू नये. दुसऱ्या जाहिरातीचे सारे बळ या अनुभवात होते आणि तो अनुभव कुणी पैसे देऊन तयार केलेला नव्हता.

एवढे मान्य करूनही माझा कौल केरींच्या साक्षीच्या बाजूने आहे. त्याची कारणे भावनेतली नाहीत.

ऑक्टोबर २००३ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या आदल्याच वर्षी, ओहायोतल्या ‘टोलीडो ब्लेड’ या दैनिकाने ‘टायगर फोर्स’ची कहाणी छापली. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या या तुकडीने १९६७ मध्ये मध्य व्हिएतनाममध्ये महिनोन्‌महिने निःशस्त्र शेतकऱ्यांना मारले, कानांच्या माळा केल्या. लष्कराने त्याचा साडेचार वर्षे तपास केला, गुन्हे घडल्याचा निष्कर्षही काढला, आणि एकावरही खटला भरला नाही. या लेखमालेला एप्रिल २००४ मध्ये पुलित्झर मिळाले. चार महिन्यांनी त्याच ओहायोत केरींना खोटारडा ठरवणारी जाहिरात चालली. २००६ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने लष्कराच्याच जुन्या फायली उघडल्या. मी लाय वगळून तीनशेहून अधिक घटना लष्कराच्या तपासनिसांनीच खऱ्या ठरवलेल्या होत्या. माजी सिनेटर बॉब केरी यांचे प्रकरण २००१ मध्येच बाहेर आले होते. ते देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेले. त्यांच्या तुकडीने फेब्रुवारी १९६९ मध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या थान फोंग गावात रात्रीच्या अंधारात बायका-मुले मारली, हे त्यांनी स्वतः कबूल केले. तोच महिना, तोच त्रिभुज प्रदेश, जिथे जॉन केरींची नौका फिरत होती. डेट्रॉइटमधल्या काही साक्षींबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या, पण मुख्य गोष्ट टिकली.

केरींचे शब्द मोजूनमापून नव्हते. ‘रोज’ हा शब्द सरसकट होता आणि त्याने निरपराध सैनिकांवर शिंतोडे उडाले. केरींनी त्याची जबाबदारी घ्यायला हवी. पण त्या साक्षीचा रोख खाली नव्हता, वर होता. ‘फ्री फायर झोन’ म्हणजे जिथे दिसेल त्याच्यावर गोळी झाडण्याची परवानगी. हा नियम बंदूक हाती असलेल्या पोराने केलेला नव्हता. मृतदेह मोजून विजय ठरवण्याची पद्धत सायगाव आणि वॉशिंग्टनमध्ये ठरली. आपणही अशा गोळीबारात भाग घेतला असे केरींनी १९७१ मध्ये टीव्हीवर सांगितले होते. स्वतःला त्यांनी आरोपींतून वगळले नव्हते. सैनिकाचा अपमान कोण करतो? त्याच्याकडून जे करवून घेतले गेले ते बोलून दाखवणारा, की करवून घेऊन कॅलीसारख्या एकाच्या माथी मारणारा? या प्रश्नाचे उत्तर मला तरी अवघड वाटत नाही. निक्सन यांच्या व्हाइट हाउसला केरी लगेच बोचू लागले. सल्लागार चार्ल्स कोल्सन यांनी केरींच्या नौकेचे नंतरचे अधिकारी जॉन ओनील यांना शोधून पुढे केले, जूनमध्ये त्यांची राष्ट्राध्यक्षांशी भेट घडवली. महिनाअखेर ‘डिक कॅव्हेट शो’मध्ये केरी आणि ओनील समोरासमोर आले. २००४ च्या गटाचे म्होरके आणि केरींविरुद्धच्या पुस्तकाचे सहलेखक हेच ओनील. तेहतीस वर्षे माणूसही तोच आणि वादही तोच.

‘माजी सैनिकांचे म्हणणे’ असे काही एकसंध अस्तित्वात नसते, हे इथे ठासून सांगायला हवे. युद्धविरोधी सैनिकांची संघटना भरात असतानाही एकूण माजी सैनिकांच्या मानाने लहानच होती. सह्या करणारे नौसैनिक दोनशेवर होते. दोघांपैकी कुणीही सत्तावीस लाखांचे मुखत्यार नव्हते. सैनिकाने पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्याचा शब्द मोलाचा आहे, आणि तो पारखून घेतला पाहिजे. त्याने न पाहिलेल्या गोष्टीबद्दल, किंवा कुणी राष्ट्राध्यक्ष व्हावे याबद्दल, त्याचे मत हे एका नागरिकाचे मत आहे. त्याचा मान ठेवावा, पण त्याला पुराव्याचा दर्जा देऊ नये.

या साऱ्या प्रकरणात मला रिपब्लिकन सिनेटर जॉन मकेन यांचे वागणे पुन्हापुन्हा आठवते. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांचे विमान हनोईवर पाडले गेले. साडेपाच वर्षे ते कैदेत होते. त्यांना पुढे आयुष्यभर हात खांद्यांच्या वर उचलता आले नाहीत. डिसेंबर १९७० मध्ये डेव्हिड इफशिन हा विद्यार्थी नेता हनोईला गेला आणि तिथल्या नभोवाणीवरून आपल्या देशाच्या युद्धाचा धिक्कार करणारे भाषण त्याने दिले. ते भाषण मकेन यांना कोठडीतल्या ध्वनिक्षेपकावरून ऐकावे लागले. १९८४ मध्ये इफशिन डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॉन्डेल यांच्या प्रचारात काम करू लागले तेव्हा मकेन यांनी त्यावरून जाहीर टीका केली. दोन वर्षांनी एका परिषदेत इफशिन त्यांच्याजवळ आले आणि त्यांनी त्या भाषणाबद्दल माफी मागितली. मकेन यांनी ती स्वीकारली आणि आपल्या टीकेबद्दल त्यांनीही माफी मागितली. दोघांची मैत्री झाली. व्हिएतनाममधल्या मानवी हक्कांसाठी त्यांनी एकत्र काम केले. १९९३ मध्ये इफशिन यांच्या भूतकाळावरून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना टोचणे सुरू झाले तेव्हा मकेन संसदेत उभे राहिले आणि हा माझा मित्र आहे असे त्यांनी सांगितले. १९९६ मध्ये इफशिन कर्करोगाने वारले, वय अवघे सत्तेचाळीस. अंत्यविधीच्या वेळी मकेन बोलले.

केरींच्या बाबतीतही हेच घडले. १९८४ मध्ये मकेन मॅसॅच्युसेट्सला जाऊन केरींविरुद्ध प्रचार करून आले होते. फेकलेली पदके त्यांना सहन झाली नव्हती. पुढे सिनेटमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या समितीत हे दोघे एकत्र आले. केरी अध्यक्ष होते. एकही अमेरिकी कैदी अजून तिथे जिवंत असल्याचा सबळ पुरावा नाही, असे जानेवारी १९९३ मध्ये सांगणे राजकीयदृष्ट्या अवघड होते; दोघांनी ते मिळून सांगितले. हनोईतली ती कोठडी त्यांनी एकत्र पाहिली. १९९५ मध्ये व्हिएतनामशी राजनैतिक संबंध जोडले गेले त्यामागे या जोडीचा मोठा हात होता. ऑगस्ट २००४ मध्ये ती पहिली जाहिरात आली तेव्हा केरींचे प्रतिस्पर्धी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी प्रचार करत असतानाही मकेन यांनी तिला अप्रामाणिक आणि लाजिरवाणी म्हटले. युद्धाबद्दलचे त्यांचे मत केरींच्या मतापेक्षा अखेरपर्यंत वेगळेच राहिले. मतभेद आणि खोटे यांतला फरक त्यांना कळत होता, आणि हनोईत स्वतः छळ सोसलेल्या माणसाला तो कळत होता म्हणूनच त्याचे वजन आहे.

युद्धकैद्यांच्या दुःखाचा हवाला देऊन साक्ष गुन्हा ठरवणाऱ्यांना मी मकेन यांच्याकडे बोट दाखवीन. त्या दुःखातून एकच निष्कर्ष निघत नाही.

आता केरींच्या चुकीकडे येतो. ती मला अधिक सलते. जुलै २००४ मध्ये पक्षाच्या बोस्टनच्या अधिवेशनात केरी व्यासपीठावर आले, त्यांनी सॅल्यूट ठोकला आणि आपण सेवेसाठी हजर आहोत असे सांगितले. मागे नौकेवरचे सोबती उभे. मेकाँगमधले ते चार महिने अधिवेशनभर झळकले. १९७१ चा एप्रिल जवळजवळ गायब होता. त्याआधी एप्रिलमध्ये एनबीसीवर त्यांना जुन्या मुलाखतीची फीत दाखवण्यात आली तेव्हा ते शब्द जरा जास्तच होते, तरुण वयाच्या रागातले होते, असे ते म्हणाले. जे खरे होते ते खरेच होते आणि जे सरसकट होते ते चुकले, असे दोन भाग पाडून सांगण्याची ती वेळ होती. ती त्यांनी दवडली. आपल्या आयुष्यातले जास्त धैर्याचे काम त्यांनी कमी धैर्याच्या कामामागे झाकले. नदीत गोळ्या अंगावर घेण्याचे धैर्य लहान होते असे मी म्हणत नाही. पण ते धैर्य त्या नद्यांवर हजारो तरुणांनी दाखवले. युद्ध लढून परतल्यावर आपल्याच सरकारला त्याची चूक तोंडावर सांगण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखवले. उमेदवाराने फक्त पदके पुढे केली, म्हणून विरोधकांनी पदकांवरच घाव घातला.

साक्षीवर उभे राहिले असते तर ते जिंकले असते असे मला म्हणायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-२४ विमानातून पस्तीस मोहिमा केलेले जॉर्ज मॅकगव्हर्न १९७२ मध्ये युद्धविरोधी उमेदवार म्हणून लढले आणि एकोणपन्नास राज्ये हरले. आपल्या शौर्याबद्दल ते प्रचारात फारसे बोलले नाहीत. २००४ च्या मतदानोत्तर पाहणीत सैन्यात काम केलेल्या मतदारांपैकी ५७ टक्के बुश यांच्याकडे गेले, ४१ टक्के केरींकडे. हा वर्ग वयाने मोठा, बहुतांश पुरुषांचा आणि आधीपासून रिपब्लिकनांकडे झुकलेला. त्यामुळे या आकड्यांत जाहिरातींचा वाटा किती हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

आपल्याकडे त्याच वर्षी एका नौसैनिकाच्या शांतताकार्याचा सन्मान झाला होता. ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास मुंबईच्या माटुंग्यात जन्मलेले, १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस बियास’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले, पुढे नौदलप्रमुख झालेले. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत त्यांनी भारत-पाकिस्तान मैत्रीसाठी आणि अण्वस्त्रांविरुद्ध काम केले. २००४ मध्ये पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचे विचार न पटणारे माजी अधिकारी पुष्कळ होते आणि ते उघडपणे तसे बोलत. रामदास यांनी मात्र शांततेचे बोलणे कधी वीरचक्रामागे लपवले नाही. केरींनी निवडणुकीसाठी जे झाकले ते रामदास यांनी भर चौकात केले, हे इथे नोंदवावेसे वाटते.

केरींना झाकावे लागले त्याचे कारण व्हिएतनाममध्ये नव्हते. ते इराकमध्ये होते. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना युद्धाचा अधिकार दिला, त्या ७७ मध्ये केरी होते. एप्रिल २००४ मध्ये अबू घरैबच्या तुरुंगातली छायाचित्रे जगाने पाहिली. कैद्यांचा छळ करणारे शिपाई दिसले, परवानगी देणारे वरिष्ठ दिसले नाहीत. १९७१ च्या साक्षीतला प्रश्न अक्षरशः पुन्हा दारात येऊन उभा होता, आणि तो विचारायला त्या देशात केरींपेक्षा लायक माणूस नव्हता. ९ ऑगस्टला, पहिली जाहिरात येऊन चारच दिवस झाले असताना, ग्रँड कॅन्यनच्या कडेला पत्रकारांनी त्यांना विचारले की, संहारक शस्त्रे नव्हती हे आज ठाऊक असताना तुम्ही काय केले असते? राष्ट्राध्यक्षांना अधिकार देण्याच्या बाजूनेच मत दिले असते, असे ते म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या केरींनी हे उत्तर ऐकून घेतले नसते.

ओनील आणि त्यांचे सहकारी १९६९ च्या नदीवर अडून बसले, केरीही त्यांच्या मागोमाग तिथेच गेले, आणि टीव्हीवर आठवडेच्या आठवडे चर्चा चालली की मार्चच्या त्या दुपारी गोळ्या काठावरून आल्या होत्या की नव्हत्या. त्याच आठवड्यांत, ७ सप्टेंबर २००४ रोजी, इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची संख्या एक हजारावर पोहोचली. डिसेंबर २०११ मध्ये तिथून फौजा निघाल्या तेव्हा ती साडेचार हजारांच्या घरात होती, आणि मेलेल्या इराकी नागरिकांची एक लाखाच्या वर.